मांजरसुंबा घाटानंतरचं गॅरेज: आधी बिघाड शोधतात, मगच पाना लावतात

तुळजापूरला जाताना बीडच्या पुढं गाडी तापली तर बिनधास्त इथं लावा. पाचपैकी पाच स्टार. जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी तापली म्हणलं की आपल्याकडं लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील, जे ऑइल आणि कूलंटचं पाणी वेगळं ठेवतं) गेलं म्हणून सांगतात आणि सोबत घरचे असले की माणूस घाबरून हो म्हणून टाकतो.

आमची जुनी पेट्रोल गाडी, सोबत आई, बायको, पोरगी, आणि मे महिन्याचं ऊन. संभाजीनगरहून गेवराईपर्यंत टेंपरेचरचा काटा मधोमध, काहीच त्रास नाही. मग टोलच्या रांगेत उभं राहिलो की काटा वर सरकायचा, एसी पण गरम हवा फेकायचा, आणि पुन्हा ८० च्या स्पीडला लागलो की काटा आपोआप खाली. बीडमधे एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी बोनेट उघडून वरवर बघितलं आणि सांगितलं हेड उतरवावं लागतंय, गाडी ठेवून जा, १५ हजार धरून चला. मला काही ते पटलं नाही. गाडी थंड होऊ दिली, मग एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल्ल करून निघालो. हीटरमधून इंजिनचंच गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फिरतं, त्यामुळं इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघून जाते. आत बसणाऱ्यांचे हाल होतात पण काटा लाल पट्टीच्या खाली राहतो. घाटात एका कंटेनरच्या मागं हळूहळू चढताना मात्र काटा परत वर जायला लागला, म्हणून वर आल्यावर चौसाळ्याच्या रोडला जे पहिलं गॅरेज दिसलं तिथं लावली. ते हे.

गॅरेजवाले मामा पन्नाशीचे असतील. बोनेट उघडायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "उभी असली की तापायलीय का पळताना?" मी म्हणलं उभी असताना आणि घाटात. "मग आधी फॅन बघू, हेडचं नंतर."

रेडिएटरच्या कॅपला त्यांनी कुणाला हातच लावू दिला नाही. आत प्रेशर असतं, त्यामुळं पाणी १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि कॅप उघडली की एकदम उसळून तोंडावर येतं. आईला लिंबाच्या सावलीत बाजेवर बसवलं, चहा सांगितला, आणि इंजिन थंड होईपर्यंत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं काम करत बसले. घाई नाही, उगाच खटपट नाही, हे मला लई आवडलं.

गाडी थंड झाल्यावर ऑइलची कॅप काढून मला दाखवली, "दुधाळ झालंय का बघा." नव्हतं. रेडिएटरची कॅप काढून गाडी चालू केली, बुडबुडे सतत येतात का बघितलं, नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. कॅप परत लावून गाडी गरम होऊ दिली, मग वरचा आणि खालचा पाइप हातानं चाचपला, दोन्ही गरम, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंट रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) पण उघडतोय. एसी चालू केला तर फॅन लगेच फिरायला पाहिजे, तो फिरला नाही. हायवेला पळताना समोरून वारा लागतो म्हणून फॅन नसला तरी चालून जातं, उभ्या गाडीला वारा कुठून येणार.

मग फॅनला बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली, फॅन झकास फिरला. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज चांगला. हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) सेम होता, तो काढून फॅनच्या जागी लावला, तरी काही नाही. शेवटी रिलेचा सॉकेट खालून उघडला तर एक पिन काळी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. लूज कनेक्शनमुळं तापून तापून जळली होती. जळालेला तुकडा कापला, नवीन पिन दाबून बसवली, आणि फॅन चालू!

मी बाटलीतलं बोअरचं पाणी टॉपअपला पुढं केलं तर त्यांनी बाजूला ठेवलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की रेडिएटरच्या आत थर धरतो. त्यांनी कूलंटमधे बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून भरलं, हीटर चालू ठेवून आतली हवा काढली, आणि फॅन आपोआप चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी सोडलीच नाही. सगळे मिळून ६५० रुपये, त्यात कूलंट पण आलं. जास्तीचे देत होतो तर घेतले नाहीत.

तिथून येरमाळ्यापर्यंत एसी लावून गेलो, येडशीच्या पुढं एका जागी ट्रॅफिकमधे बराच वेळ उभं राहिलो, काटा हलला नाही.

आता काही गोष्टी आधीच माहिती असू द्या. स्कॅनर नाही, सेन्सरचा किंवा ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम असला तर ते स्वतःच बीडला न्या म्हणून सांगतात. पार्ट जास्त ठेवत नाहीत, त्यामुळं फॅनची मोटर वगैरे गेली असेल तर मागवेपर्यंत थांबावं लागेल. मला पण त्यांनी सांगून ठेवलंय की सॉकेट घरी गेल्यावर पूर्ण नवीन टाकून घ्या, हे काम प्रवासापुरतं आहे. बायकांसाठी टॉयलेटची सोय नाही, आधी पेट्रोल पंपावर थांबून या. फोनपे चालतं पण रेंज कमी आहे, थोडे सुट्टे पैसे जवळ ठेवा.