आठ महिने सेशन घेतली, आता परत जाणार नाही

हा रिव्ह्यू लिहू की नको यात दोन महिने गेले. थेरपिस्टचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तिथे अजून बरेच जण जातात आणि काहींना फायदाही होत असेल.

चांगलं आधी सांगते. मॅडम ऐकून घेतात, मध्येच तोडत नाहीत, मागच्या वेळी आपण काय बोललो ते त्यांच्या नीट लक्षात असतं. पहिले पाच-सहा महिने मला खरंच फरक पडला, झोप लागायला लागली.

मग लागोपाठ दोन सेशन चुकली. पहिलं कळवून, दुसरं न कळवता, ती माझी चूक. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलला आणि एकदम म्हणाला, "तुला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं का गं?" मी कपडे वाळत घालत होते, ओला टॉवेल हातात तसाच धरून उभी राहिले. कारण हे वाक्य, अगदी हेच शब्द, मी आजवर फक्त त्या एका खोलीत बोलले होते. दादाचा नंबर मी फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून दिलेला. मला एक मिस्ड कॉल नाही, मेसेज नाही, फोन थेट त्याला.

विचारलं तर म्हणाल्या काळजी वाटली म्हणून केला, तुमच्या भल्यासाठीच. काळजी मी समजू शकते हो, पण "ती ठीक आहे ना, मला फोन करायला सांगा" एवढ्यावर भागलं असतं, माझं बोलणं त्याला कशाला सांगायचं? दादाला आता वाटतं तोच कुठेतरी कमी पडला, कितीही समजावलं तरी त्याच्या डोक्यातून ते जात नाही.

त्यानंतर मी या विषयावर खूप वाचलं. गोपनीयता शंभर टक्के कधीच नसते हे आठ महिन्यांत मला कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं, फॉर्मवर बारीक अक्षरात असेल, मी सही करून मोकळी झाले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलांवर अत्याचार, कोर्टाचा आदेश, अशा वेळी थेरपिस्टला बोलावं लागू शकतं, नेमकं कधी ते त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर. अमेरिकेत तारासॉफ केस झाली होती. एका पेशंटने थेरपिस्टला सांगितलेलं की मी अमुक मुलीला मारणार, थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं पण त्या मुलीला कोणी सावध केलं नाही आणि १९६९ मध्ये तिचा खून झाला. १९७६ ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा वेळी धोक्यात असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी योग्य ती पावलं उचलणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे. हे मला पूर्ण पटतं. पण तिथेसुद्धा गरजेपुरतंच सांगायचं असतं, आणि मी तर स्वतःला किंवा कुणाला काही करण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, हे त्यांनीच पहिल्या दिवशी विचारून लिहून घेतलेलं.

तरी मी अजून दोनदा गेले. आईबद्दल बोलायचं होतं, पन्नास मिनिटं ऑफिसबद्दल बोलले, कारण प्रत्येक वाक्याआधी मनात यायचं की हे दादापर्यंत गेलं तर? "माझं चुकलं" एवढं त्या म्हणाल्या असत्या तर कदाचित मी तिथेच जात राहिले असते. कोणाला काय सांगितलं ते लेखी द्या असा मेल केला, उत्तर आलं "पुढच्या सेशनला बोलू". मी गेले नाही. दोन स्टार देतेय, ते त्या सुरुवातीच्या महिन्यांचे.

कुणी नवीन थेरपिस्ट शोधत असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, माझ्या घरच्यांना फोन कधी करणार, केला तर काय सांगणार, नोट्स कोण बघतं, सुपरव्हायजरशी, म्हणजे ज्या सीनियर थेरपिस्टचा सल्ला घेता त्यांच्याशी, बोलताना माझं नाव घेता का. मी आता जिथे जाते तिथे हेच विचारलं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि वीसेक मिनिटं फक्त याच्यावर बोलल्या. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये मी मैत्रिणीचं नाव टाकलं, आणि त्याच्यापुढे त्यांनी स्वतःच्या पेनने लिहिलं, 'फक्त जिवाला धोका असेल तर, आधी हिला फोन'.