पाच लाखांचा ठेव विमा, साडेतीन स्टार

मामींच्या को-ऑपरेटिव्ह बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले आणि डीआयसीजीसीच्या (बँकेतल्या ठेवींचा विमा देणारी रिझर्व्ह बँकेची संस्था) ठेव विम्याचा क्लेम मीच भरून दिला, म्हणून लिहितेय. प्रोसेस सोपी आहे, ब्रँचमध्ये संमतीचा फॉर्म, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर, बस. एजंट नको, आपल्या खिशातून प्रीमियम नाही, तो बँक भरते. ४५ दिवसांत बँकेने खातेदारांची यादी द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत तपासून पैसे, आणि मामींचे मुदतीत आले पण.

या सर्व्हिसमध्ये मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे ही ९० दिवसांची ठरलेली तारीख. निर्बंध लागले त्या सकाळी ब्रँचबाहेर एक नगरसेवक येऊन "काळजी करू नका, तुमचा पैसा कुठे जात नाही" सांगून गेले, रांगेतला एकही माणूस हलला नाही. पण काउंटरवरच्या मॅडमनी ९० दिवस कधी पूर्ण होतात ते सांगितलं तेव्हा मामींनी पासबुकाच्या मागे लिहून घेतलं आणि गपचूप घरी आल्या.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं आठवा. सप्टेंबर २०१९, सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढा म्हणे, मग १० हजार, मग २५, मग ४०, आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर. अर्थमंत्री सीतारामन १० ऑक्टोबरला मुंबईत खातेदारांना भेटल्या, ते चांगलंच केलं, पण सगळे पैसे कधी मिळणार हे कोणीच सांगेना, मग लोक विश्वास ठेवणार कशावर? जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि ५ लाखांच्या वर ज्यांचे होते त्यांना हप्ते, तेही १० वर्षांपर्यंत. म्हातारी माणसं आहेत हो त्यात!

आणि मार्च २०२० मध्ये येस बँक, अर्थमंत्री त्याच. ५ तारखेला पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली तेव्हाच ३ एप्रिलपर्यंत असं लिहून दिलेलं, दुसऱ्या दिवशी स्टेट बँक पैसे घालायला तयार आहे हेही सांगितलं, आणि १८ मार्चलाच मर्यादा उठली. मोठी बँक होती, सरकारला हात घालणं सोपं गेलं, मान्य. पण संकटात पुढाऱ्याच्या शब्दाला वजन येतं ते असं, आधी तारीख सांगायची आणि त्याच्या आत करून दाखवायचं. विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाखावर अडकलेली होती, ती फेब्रुवारी २०२० ला ५ लाख झाली आणि ९० दिवसांचा कायदा २०२१ ला आला, म्हणजे पीएमसीवाल्यांनी एवढं सोसल्यावर. हे आधी का नाही झालं याचा मला अजून राग येतो.

दीड स्टार कापलाय कारण एका बँकेतल्या सगळ्या ब्रँचेस मिळून, व्याजासकट ५ लाख, त्यावरचं रामभरोसे. आणि पतसंस्थेला हा विमा नाही, गावाकडे बऱ्याच जणांना वाटतं आहे म्हणून.

अजून एक, दुसऱ्या बँकेत साधं खातं आत्ताच उघडून ठेवा, मामींचं नव्हतं, ते उघडण्यातच फॉर्म अडकला होता.