घरबसल्या ऑनलाइन भाडेकरार: एका एजंटचा जून महिन्याचा रिव्ह्यू

लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घर भाड्याने देण्याच्या कराराची, ती ऑनलाइन नोंदणी करावी का हो, की नोटरीवर भागवू, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, तर आज सविस्तर लिहितो. करा. नोंदणी व मुद्रांक विभागाची ही सेवा मी रोजच्या कामात वापरतो आणि मनापासून रेकमेंड करतो.

मी पुण्यात कर्वेनगर-कोथरूड पट्ट्यात घरं भाड्याने लावून देतो. जून हा आमचा सगळ्यात धावपळीचा महिना, शाळा सुरू होतात, कॉलेजच्या ॲडमिशन्स चालू होतात, बाहेरगावची मुलंमुली आईवडिलांना घेऊन फ्लॅट बघत फिरतात, त्यात पाऊस, आणि सगळ्यांना घर उद्याच्या उद्या हवं असतं. अशा घाईत पहिला बळी जातो तो कागदाचा. चावी आत्ता द्या, ॲग्रीमेंट नंतर बघू. मी चावी देत नाही, आधी करार मग सामान, यावर काही लोक चिडतात पण मी ऐकत नाही.

कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, भाडेकरूची नाही, हे निम्म्या मालकांना माहीतच नसतं. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आणि करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून निर्धास्त बसणाऱ्या काकांना मी हे दरवेळी शांतपणे समजावतो.

खर्चाचा बाऊ तर उगाच करतात लोक. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे सगळ्या मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्याने धरलेलं व्याज, याच्या 0.25 टक्के. वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर हिशोब साडेपाचशेच्या थोडा वर येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. शिवाय नोंदणी करून देणाऱ्याचे सर्व्हिस चार्जेस, ते आधीच विचारून घ्या आणि मालक-भाडेकरूने अर्धे-अर्धे वाटून घ्या, आमच्याकडे तसंच चालतं.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते सांगतो. या महिन्यात एका रिटायर्ड शिक्षिका आजींचा टू बीएचके लातूरच्या दोन बहिणींना लावला, धाकटी इंजिनिअरिंगला, थोरली जॉबला. संध्याकाळी सगळे आजींच्या हॉलमध्ये बसलो, लॅपटॉप, वेबकॅम आणि ते छोटं अंगठ्याचं मशीन टीपॉयवर. मुलींचं पटकन झालं. आजींचा अंगठा मात्र काही केल्या लागेना, वय झालं की बोटावरच्या रेषा पुसट होतात, हे ज्येष्ठांच्या बाबतीत नेहमीचं आहे. थोरली आत जाऊन ओला नॅपकिन घेऊन आली, आजींचा हात हातात धरून एकेक बोट पुसलं, कोरडं केलं, मग मशीनवर ठेवलं, असं करत करत मधलं बोट लागलं. आजी म्हणाल्या, "अगं, तू राहायला येच." म्हणून घरी म्हातारं माणूस असेल तर वेळ हातात ठेवून बसा आणि करार वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा, नुसतं इथे अंगठा द्या तिथे अंगठा द्या करू नका. आजींनी वाचताना पेंटिंगच्या खर्चाचा मुद्दा काढला आणि तो तिथल्या तिथे ठरला, नाहीतर अकरा महिन्यांनी डिपॉझिट देताना त्यावरूनच भांडण झालं असतं.

आता जे या सेवेने सुटत नाही ते. करार पक्का झाला तरी सोसायटीचा प्रश्न उरतो. एका सोसायटीने याच महिन्यात मला सांगितलं, बॅचलर नको, मुली तर नकोच, कोण येतं जातं बघत बसायचं का आम्ही. मला याचं खरंच वाईट वाटतं. हीच मंडळी स्वतःच्या मुलीला बंगलोरला पाठवताना चांगलं घर मिळावं म्हणून देवाला नारळ फोडतात ना. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं असतं आणि कराराची कॉपी द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेससुद्धा, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सोसायटीच्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. मी सेक्रेटरींना भेटतो, इंडेक्स टू, म्हणजे करार नोंदवल्याचा सरकारी उतारा, दाखवतो, पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद दाखवतो, आणि बऱ्याचदा त्या कागदांनीच समोरचा नरमतो. त्या सोसायटीत मात्र नाही नरमले, तिथे घर बघणाऱ्या मुलींना दुसरीकडे घर बघून दिलं.

भाडेकरूंनो, तुमचाही फायदा बघा. गॅस कनेक्शन, बँकेत पत्ता बदलणं, पगारातला घरभाडे भत्ता (एचआरए), सगळीकडे हाच कागद चालतो. दोन्ही बाजूंनी आधार आणि पॅन तयार ठेवा, मालकांनी लाइट बिल आणि टॅक्स पावती काढून ठेवा. आणि मुदत संपल्यावर "तेच पुढे चालू ठेवू" असं तोंडी ठरवू नका, वाढवायचं असेल तर नवा करार आणि नवी नोंदणी, त्याची बोलणी महिनाभर आधीच सुरू करा.