‘काका, जाळी काढू नका, क्लिपा तुटतात’

पुण्यात जुने ‘इम्पोर्टेड’ स्पीकर विकणाऱ्या एका दुकानदाराने ३८ हजार रुपये घेऊन मला जी जोडी दिली, ती जोडी नव्हतीच. खोकी एका कंपनीची, आतला माल दोन ठिकाणचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, पाटी बदलायला या लोकांना एक दुपार पुरते. पद्धत मात्र सगळीकडे तीच असते, म्हणून ती लिहितो.

मला स्पीकर हवे होते ते मैफली ऐकायला. वडिलांनी रेडिओवरून आणि ओळखीपाळखीतून जमवलेल्या कॅसेटी आता कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. त्यात आकाशवाणी संगीत संमेलनं आहेत, सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हाच्या पहाटेच्या बैठका आहेत, कुणाच्या तरी दिवाणखान्यातलं खासगी गाणं आहे. बहुतेक सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेलं. मध्येच कुणीतरी खोकतं, तबलजी हातोडी ठोकत तबला मिळवतो, माइकजवळ बसलेल्या एखाद्याची दाद गायकापेक्षा मोठी ऐकू येते. मला ते सगळंच हवं असतं. दुकानदाराला हे सांगितलं आणि पेनड्राइव्ह पुढे केला.

तो पेनड्राइव्ह शेवटपर्यंत लागला नाही. “काका, जुन्या रेकॉर्डिंगवर स्पीकर जोखू नका. त्यात क्वालिटीच नसते, चांगला स्पीकर उगाच बदनाम होतो.” असं म्हणून त्याने स्वतःचं ठरलेलं गाणं लावलं. स्टुडिओत घासूनपुसून तयार केलेलं, ड्रम आणि बेस गिटार ठासून भरलेलं. छातीत दणका बसला. मग तुलनेसाठी शेजारची स्वस्त जोडी लावली, ती अगदीच मलूल वाटली. “बघा, तुमचेच कान सांगतायत.”

यातली मेख अशी की आवाजाच्या बटणाला हात न लावताही हा खेळ जमतो. एका स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच सिग्नलवर तो किती मोठा वाजतो ते) ८५ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ असेल, तर एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, बटण त्याच जागी ठेवून, दुसरा चार डेसिबल मोठा वाजणार. आणि आपल्या कानाची खोड अशी की दोन आवाजांतला जरासा मोठा असेल तोच त्याला जास्त मोकळा, जास्त स्वच्छ वाटतो. दोन जोड्यांची पातळी सारखी करून घेतल्याशिवाय केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं. ते काटेकोर नसतं, पण दोन्ही जोड्या एकाच जागेवरून मोजायला पुरतं.

शिवाय अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ हे बेस फुगवणारं बटण दाबलेलं होतं आणि सोफ्यामागे सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, चालू होता. हे मला कळलं ते दुकानातल्या पोऱ्याकडून, माल गाडीत ठेवताना. “सर, घरी सबवूफर आहे ना? त्याच्याशिवाय इथल्यासारखं नाही वाजणार.” बिचारा खरं बोलला, पण पैसे आधीच यूपीआयने गेले होते.

पुढची जाळी काढून आतले ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, बघायला मी हात घातला होता, तेव्हा मालक जवळजवळ धावतच आला. “काका, जाळी काढू नका, क्लिपा तुटतात, मग रिसेलला किंमत येत नाही.” पाठीमागे नंबरांचे स्टिकर मात्र अगत्याने दाखवले. दोन्हींवर लागोपाठचे आकडे. “मॅच्ड पेअर आहे, एकाच घरातून आलीय.”

घरी येऊन काळी एक पट्टीतलं एक जुनं खासगी गाणं लावलं आणि घोळ लगेच कानावर आला. मोनो रेकॉर्डिंग असेल तर दोन्ही स्पीकरना तंतोतंत एकच सिग्नल जातो, तेव्हा आपण बरोबर मध्यभागी बसलो की गायकही समोर, दोन्हींच्या मधोमध बसला पाहिजे. इथे गायकाचा आकार मध्ये होता, पण ‘स’ आणि ‘श’ डावीकडे पळत होते. डग्गा मध्ये, तबल्याची चाट डावीकडे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, तर सगळीच्या सगळी डाव्या खोक्यात. वायर उलटी लागली असती तर खर्जातला भरणा गेला असता आणि आवाज खोलीभर विरघळला असता. तसं नव्हतं. खोक्यांची अदलाबदल करून पाहिली. डावं खोकं उजवीकडे ठेवलं तर जवारीही त्याच्याबरोबर उजवीकडे आली. म्हणजे खोलीचा दोष नाही, अ‍ॅम्प्लिफायरचाही नाही.

तानपुऱ्यासाठी बेस जोरदार हवा असं विकणारे हमखास सांगतात. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ६९. आकडे खरे आहेत. पण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी जे काम करते ते मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांचं, आणि ते हजारो हर्ट्झपर्यंत चढत जातात. दोन ड्रायव्हरच्या छोट्या खोक्यात अडीच-तीन हजारांच्या वरचा भाग ट्वीटर हा छोटा ड्रायव्हर सांभाळतो. त्यामुळे दोन खोक्यांतले ट्वीटर एकमेकांशी जुळत नसतील तर ड्रमच्या दणक्यात ते खपून जातं, अखंड झंकारणाऱ्या तानपुऱ्यात नाही. माझा पेनड्राइव्ह त्याने का लावू दिला नाही, याचं उत्तर इथे आहे.

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत आमच्या भागात. त्यांनी जाळ्या काढल्या (क्लिपा तुटल्या नाहीत) आणि दोन्ही ट्वीटर बाहेर काढून मल्टीमीटर लावला. डावा सहा ओहमच्या आसपास, उजवा साडेतीन. आठ ओहमच्या ड्रायव्हरचा रोध मीटरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान दिसतो, साडेतीन म्हणजे तो चार ओहमचा. डाव्याचा घुमट (पुढचा फुगीर पडदा) रेशमी कापडाचा, उजव्याचा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा, आणि भोकात बसावा म्हणून त्याची कड कानशीने घासलेली. लाकडाच्या कडेवर अजून काळा भुसा होता. पाठीमागचा स्टिकर त्यांनी नखाने उचलला तर खाली मूळ स्टिकर, त्यावर भलताच नंबर. “चाळीस वर्षं हेच बघतोय,” एवढंच म्हणाले आणि तपासणीचे पैसे घेईनात.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं. जुन्या मालाला गॅरंटी नसते. हातात त्याने दिली होती ती ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी, जीएसटी नंबर नसलेली. उपयोगी पडले ते त्याचेच व्हॉट्सअ‍ॅपवरचे शब्द, ‘१०० टक्के ओरिजिनल, मॅच्ड पेअर’, आणि यूपीआयची नोंद. जुना माल म्हणून गॅरंटी नाकारता येते, खोटं वर्णन करून माल खपवता येत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रीतसर नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही नोटिशीत लिहिलं. त्यानंतर त्याचा सूर बदलला. ३० हजार परत दिले, आठ हजार ‘हाताळणी’ म्हणून कापले. आयोगात तारखा घालण्यापेक्षा मी ते घेतले. याबद्दल मित्रांनी मला शिव्या घातल्या, त्यांचंही खरं आहे.

माल परत गेल्यानंतर थोड्याच दिवसांत ती खोकी ऑनलाइन जाहिरातीत दिसली. ‘सिंगल ओनर, मिंट कंडिशन’, किंमत ४२ हजार, फोटो जाळ्या लावून काढलेले. मी जाहिरातीची तक्रार केली, ती गेली, दुसऱ्या खात्यावरून पुन्हा आली. अक्रोडी रंगाचं व्हिनिअर आहे, उजव्या खोक्याच्या मागे खालच्या कोपऱ्यात स्टिकर नखाने उचलल्याची दुमड आहे. कुणी बघायला जाणार असाल तर आधी ती दुमड बघा.