ओळंबा त्यांचा, भिंत माझी : फ्रीमेसन लॉजमधली नऊ वर्षं

माझे आजोबा पाथरवट होते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात जात्याला टाकी लावण्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. वडील गवंडी. मी डिप्लोमा करून बेळगावात बांधकामाची कंत्राटं घेतो. नऊ वर्षांपूर्वी मी फ्रीमेसन लॉजचा सभासद झालो. फ्रीमेसन म्हणजे गवंडीकामाच्या अवजारांतून माणूस घडवायची शिकवण देणारी जुनी बंधुसंस्था, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. तेव्हा आईला वाटलं ही गवंड्यांची सोसायटी असेल. 'मेसन' म्हणजे गवंडीच, त्यामुळे तिचं फारसं चुकलं नव्हतं.

निपाणीचा भाचा गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मामा, तिथं आत्मज्ञान होतंय म्हणतात, विवेकानंदपण तिथं होते म्हणे, खरं काय? मी अर्ज करू काय?" त्याला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी. ओळखीच्या खुणा आणि शब्द गुप्त ठेवायची शपथ मी घेतलेली आहे, ती पाळणार. बाकी इतिहास, अवजारं, त्यांचा अर्थ हे सगळं कधीचंच छापून आलेलं आहे.

इतिहास थोडक्यात. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची वरिष्ठ संस्था, झाली. १७२३ मध्ये नियमावली छापली गेली. १७३० च्या सुमारास कलकत्त्यात लॉज भरू लागली. आपली ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ची. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या पलटणी होत्या, तेव्हा या भागाला हे प्रकरण नवं नाही. आमच्या लहानपणी लॉजच्या इमारतीला लोक 'भूतबंगला' म्हणायचे आणि संध्याकाळी त्या बाजूला आम्हाला जाऊ द्यायचे नाहीत.

आत जायला कुणी बोलावत नाही, आपण विचारावं लागतं. माझ्या अर्जानंतर तिघे जण घरी आले, चहा घेतला, बायकोशीही बोलले. देव मानता का, हा प्रश्न विचारला. मी म्हणालो, माळकरी आहे, विठ्ठल मानतो. कुठला देव, कसा देव, यावर पुढं एक शब्द नाही. मग सभासदांचं गुप्त मतदान झालं. दीक्षेच्या रात्री डोळ्यांवर पट्टी, आणि अंगावरचं धातूचं सगळं बाहेर ठेवायचं: नाणी, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, सगळं. का, ते आत गेल्यावर कळतं आणि चांगलंच कळतं. ते सांगून भाच्याचा तो क्षण मी हिरावून घेणार नाही. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. मी गीतेवर हात ठेवला, शेजारी बायबल आणि कुराण होतं.

सभासदाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीत हातात तीन अवजारं येतात: चोवीस इंची गज, हातोडी आणि छिन्नी. खोलीत दोन दगड मांडलेले असतात, एक ओबडधोबड, खाणीतून आणलेला, दुसरा चारी अंगांनी घडवलेला. पहिला म्हणजे आलेला माणूस. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्याकडे पोराबाळांना माहीत आहे. पण आपल्या म्हणीत घाव घालणारा कुणी दुसरा असतो, आणि दगड बिचारा सोसतो. इथं छिन्नी माझ्याच हातात दिली आणि दगडही मीच. नऊ वर्षांत लॉजनं दिलेलं सगळ्यात मोठं दान म्हणाल तर हेच. माझ्या रागाला बायको जबाबदार, नुकसानाला मुकादम जबाबदार, अशी माझी वर्षानुवर्षं चाललेली फिर्याद तिथं बंद झाली.

गजाचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही अडलेल्याच्या मदतीला. मी खरोखर साइटच्या वहीत मागच्या पानावर तास लिहायला लागलो. पहिल्या महिन्यात तिसऱ्या रकान्यात जवळजवळ काहीच नव्हतं. ते पान मी अजून ठेवलंय.

दुसऱ्या पायरीत गुण्या (काटकोन बघायचा), पाणसळ (पातळी बघायची) आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा). विधी सगळा जुन्या इंग्रजीत, पाठ म्हणायचा. ही मला या वाटेतली खरी अडचण वाटते. पहिली दोन वर्षं मी ते शब्द पोपटासारखे म्हटले, एकही आत उतरला नाही. एका रात्री घरी सराव करताना 'प्लम्ब रूल' म्हणत होतो आणि समोर खुंटीला वडिलांचा ओळंबा टांगलेला, पितळी, घासून गुळगुळीत झालेला. तेव्हा लख्ख कळलं. हे मला लहानपणापासून येत होतं. वडील म्हणायचे, डोळा फसवतो, ओळंबा फसवत नाही. ज्याला आत्म्याच्या कामासाठी तिथं जायचंय, त्यानं प्रत्येक वाक्य आधी आपल्या भाषेत, आपल्या आजोबांच्या तोंडी घालून बघावं. नाहीतर हाती फक्त पाठांतर लागतं.

त्यानंतर तीन महिन्यांतली गोष्ट. वडगावात एका मास्तरांचं घर बांधत होतो. पहिल्या मजल्याची पूर्वेची भिंत पाऊण इंच ओळंब्यातून बाहेर गेली. मुकादम म्हणाला, "मालक, प्लास्टरात मारून नेऊ या की, कुणाला कळूलालंय?" धंद्यात हे रोजचं आहे, मीही अनेकदा केलेलं. मास्तर पेन्शनीचे पैसे घालत होते, त्यांना आयुष्यात कळलं नसतं. मी गाडीत बसून निघालो, धर्मवीर संभाजी चौकापर्यंत आलो आणि परत फिरलो. भिंत उतरवली. विटा, सिमेंट, चार दिवसांची मजुरी, सगळं माझ्या खिशातून गेलं. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मला त्या रात्री जी झोप लागली ती फार वर्षांत लागली नव्हती. याला कुणी आत्मज्ञान म्हणणार नाही. पण ज्याला स्वतःशी खोटं बोलायची सवय आहे त्याला पुढचं काही दिसत नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो.

पाणसळीची शिकवण म्हणजे सगळी माणसं एका पातळीवर. ती आमच्या सीमाभागातल्या माणसाला जरा जास्तच लागते. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी आहे. १ नोव्हेंबरला आमच्यासाठी काळा दिन, कन्नड भाषिकांसाठी राज्योत्सव. १९५६ पासूनचं हे दुखणं आहे. एका वर्षी सकाळी मी काळी फीत लावून सायकल फेरीत होतो. त्याच आठवड्यात लॉजची सभा होती आणि माझ्या शेजारी बसले होते बैलहोंगलकडचे एक लिंगायत गृहस्थ, जे त्या सकाळी लाल-पिवळा झेंडा घेऊन मिरवणुकीत होते. दोघांनाही ते माहीत होतं. पांढरा एप्रन बांधताना माझी मागची नाडी सुटली, ती त्यांनी बांधली. "अण्णा, घट्ट झालं काय?" एवढंच मराठीत विचारलं. बेळगाव महाराष्ट्रात यावं ही माझी मागणी मी सोडलेली नाही, त्यांनीही त्यांची नाही. पण मी म्हणजे फक्त माझी मागणी नाही, हे त्या नाडीच्या गाठीनं मला शिकवलं. पुढं त्यांच्या मुलीच्या ऑपरेशनला रक्त द्यायला मी गेलो, ते तास वहीच्या तिसऱ्या रकान्यात आहेत.

तिसरी पायरी मरणाची. बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम अबिफ, त्यानं गुपित सांगायचं नाकारलं आणि तिघांनी त्याला मारलं, अशी आख्यायिका आहे. उमेदवाराला त्या कारागिराच्या जागी ठेवतात. माझ्या वेळी वडील जाऊन चार महिने झाले होते. खानापूरला मलप्रभेच्या काठी मीच अग्नी दिला होता, पण तेव्हा कामं एवढी होती की रडायला सवड मिळाली नाही. त्या अंधाऱ्या खोलीत मला वडिलांचे हात दिसले, चुन्यानं फाटलेले. मग माझे. मग वाटलं, हे हातही जाणार, भिंतीही जाणार, आणि हे सगळं बघणारा कोण आहे? हरिपाठात, कीर्तनात हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता. त्या रात्री तो माझा स्वतःचा झाला. उत्तर लॉजनं दिलं नाही, देतो असा दावाही ती करत नाही. आम्ही धर्म नाही, मोक्ष देत नाही, हे मेसन मंडळी स्वच्छ सांगतात. गुरू नाही, मंत्र नाही, ध्यानाची रीत शिकवत नाहीत. त्या रात्रीनंतर मी पहाटे पुन्हा हरिपाठाला बसू लागलो, आणि उत्तराचा शोध मी तिथं करतो.

भाच्यानं विवेकानंदांचं नाव घेतलं होतं. खरं आहे, नरेंद्रनाथ दत्त १८८४ मध्ये कलकत्त्याच्या लॉजमध्ये दाखल झाले होते, वय २१. पण श्रीरामकृष्णांची गाठ त्याआधीच पडलेली होती आणि त्यांना हवं होतं ते दक्षिणेश्वरी मिळालं. ऑक्टोबर १८९२ मध्ये ते आपल्या बेळगावात वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे राहिले. रिसालदार गल्लीतून जाताना मला हे नेहमी आठवतं. लॉज त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. भाच्या, तूही तेवढंच मान.

आता खटकणाऱ्या गोष्टी. बायकांना प्रवेश नाही. माझी बायको विचारते, दगड काय फक्त पुरुषच असतात? मला उत्तर सापडलेलं नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी एक वेगळी शाखा १८९३ मध्ये फ्रान्समध्ये निघाली, ॲनी बेझंट त्यात १९०२ मध्ये गेल्या आणि त्यांनी ती भारतात आणली, पण आमच्या लॉजचा तिच्याशी संबंध नाही. दुसरं, काही जण ओळखी वाढवायला येतात, जेवणाच्या टेबलावर व्हिजिटिंग कार्डं फिरवतात. ते फार दिवस टिकत नाहीत, पण नवख्याचं मन त्यांना बघून विटतं. जेवणात टोस्ट असतात, म्हणजे पेला उंचावून शुभेच्छा देणं. मी माळकरी, माझ्या पेल्यात कोकम सरबत, कुणी कधी आग्रह केला नाही. शेवटी बेळगावचा कुंदा असतो, तो मात्र दोनदा घेतो.

एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर 'सभासद व्हा, श्रीमंत व्हा' असे निरोप येतात, आधी पैसे मागतात. ती फसवणूक आहे. प्रवेशाची वर्गणी आणि पुढची वार्षिक वर्गणी असते, पण ती भेटीगाठी आणि मतदान झाल्यानंतर. कर्ज काढून कुणी येऊ नये, आणि घरच्यांपासून लपवून तर मुळीच नाही.

तर भाच्या, ज्याला पाच-सात वर्षं स्वतःचा दगड न कंटाळता घासायचा आहे, त्यानं जरूर अर्ज करावा. ज्याला सहा महिन्यांत साक्षात्कार हवा आहे, त्यानं करू नये.

आमचा मुकादम गोकाककडचा, वय सत्तरीजवळ, शाळेत कधी गेला नाही. परवा साइटवर जेवायच्या सुट्टीत मी त्याला गजाचे तास, पाणसळ, ओळंबा हे सगळं मराठी-कन्नडात समजावून सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात धरून त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मालक, हे शिकायला तुम्ही कोट घालून जाताय? वडगावची भिंत पाडलासा, त्या दिवशी मला वाटलंच काहीतरी शिकूलालाय." मग भाकरी संपवून उठला, ओळंबा सोडला आणि सकाळी बांधलेला कोपरा पुन्हा एकदा तपासायला घेतला.