क्लिपवाली मॅक्रो लेन्स: डब्यावर 15एक्स, मोजली तर 10

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यानं लावायचं, बारीक वस्तूंचे जवळून फोटो काढायचं हे भिंग. तालुक्याच्या मोबाइलवाल्याकडून दोनशेच्या आसपास भेटली, घेतली ती शाळेसाठी. आधी तक्रार सांगतो. डब्यावर मोठ्या अक्षरात 15एक्स, म्हणजे 15 पट मोठं दिसेल, असं छापलंय. दहावीला भिंगांचा धडा चालूच होता, म्हटलं मोजा रे तुम्हीच. पोट्ट्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या कडुनिंबाची उलटी प्रतिमा कागदावर घेतली, पट्टी लावली, नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून त्या प्रतिमेपर्यंतचं, आलं अडीच सेंटीमीटर. डोळ्याला आरामात स्पष्ट दिसायचं जवळचं अंतर धरतात 25 सेंटीमीटर, 25 भागिले 2.5 म्हणजे 10, फार तर 11 म्हणा, 15 काही होत नाही बापा. कंपनीची थाप, पण आमचं प्रॅक्टिकल फुकटात झालं.

बाकी काम झकास. शाळेमागच्या वावरात पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला होता, पानाच्या उलट्या बाजूचा फोटो काढला तर माव्याच्या मागची दोन बारीक नळकांडी पण दिसतात, बाजूला माव्यानं सोडलेला गोड चिकटा चाटणारी मुंगी. पुस्तकातलं सहजीवन हेच ना! त्यातच एक काळी, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी दिसली, एक पोरगा म्हणे सर ही पानं खाते, आमचे बाबा दिसली की चिरडते. फोटो मोठा करून पाहिला तर तिच्या तोंडात मावा! ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू ते. पोरानं तो फोटो तिथंच बाबांच्या व्हॉट्सअॅपवर टाकला.

सोयाबीनचं झाड उपटून मुळावरच्या गाठी ब्लेडनं कापल्या तेव्हा आत गुलाबी निघालं, म्हणजे रायझोबियम (हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू) कामावर आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच खानदानातला. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि पोरं दरवर्षी विसरतात, यंदा मोबाइलमध्ये घेऊन फिरत होते. मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर लेन्स धरली की लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतात तेही एकदा दाखवाच.

आता कटकटी. वस्तूच्या दोन-अडीच सेंटीमीटर जवळ जावं लागते, त्यात मोबाइलचीच सावली पडते, म्हणून वर्गात नाही, उन्हातच काढा. वारं असलं की पान तोडूनच घ्या, नाहीतर सगळं पुसट. कव्हर काढल्याशिवाय क्लिप बसत नाही, आणि तीन-चार कॅमेरेवाल्या मोबाइलला नेमका मेन कॅमेरा शोधत बसा. कडेला फोटो फाटल्यासारखा येते, मधलाच भाग कामाचा.

घेताना दुकानातच आपल्या मोबाइलला लावून पाहा, आणि तोच दुकानदार 25एक्सवाली जास्त पैशात गळ्यात मारायला पाहीन, तिच्या नादी लागू नका.