हिवाळी भाजीचा बॉक्स: पैसे वसूल होतात ते शेंगांत

नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या शेतातून दर शनिवारी घरपोच येणारा हा बॉक्स साधारण ६ किलोचा, ५५० रुपयांना. मेथी, पालक आणि फुलकोबी कॉटन मार्केटात सकाळी गेलं तर याहून स्वस्त मिळतात, त्यांच्यासाठी बॉक्स लावू नये. बॉक्स लावावा तो तुरीच्या शेंगा, पोपटीच्या (वालाच्या) शेंगा, हरभऱ्याची भाजी आणि पातीसकट लसणासाठी. तोडल्यावर यांची चव झपाट्याने उतरते आणि बाजारात त्या कधी तोडल्या हे कळायला मार्ग नसतो.

तुरीच्या शेंगा आल्या दिवशीच सोलायच्या. दाण्यातली साखर दोन-तीन दिवसांत पिठूळ होते, मग सोल्यांना गोडी राहत नाही. किलोभर शेंगांतून सोले अर्धा किलोही निघत नाहीत, म्हणून चौघांच्या भाजीला शेंगा किलोभर तरी हव्याच. २ वाट्या सोले थोड्या तेलात रंग बदलून फुटफुटेपर्यंत परतायचे, अर्धे जाडसर वाटायचे, अर्धे अख्खे ठेवायचे. कच्चेच वाटले तर भाजी उग्र लागते, फार बारीक वाटले तर पिठल्यासारखी घट्ट होते. फोडणीत ८-१० लसूण पाकळ्या आणि ४ हिरव्या मिरच्या, मग सोले, ३ वाट्या गरम पाणी आणि मीठ. अख्खे दाणे शिजत आले की वांग्याच्या फोडी टाकायच्या, आधी टाकल्या तर त्यांचा गाळ होतो.

वांगी फ्रिजमध्ये ठेवू नका. १० अंशांखाली त्यांच्या सालीवर खड्डे पडतात, बिया काळ्या होतात. नागपूरच्या थंडीत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती चार दिवस छान राहतात. बॉक्समध्ये लहान-मोठी वांगी सरमिसळ येतात, ही तक्रार आहेच. भरताला हलकं, मोठं वांगं निवडायचं. जड वांग्यात बिया जास्त. एक चीर देऊन अळी बघायची, तेलाचा हात लावून मध्यम आचेवर फिरवत भाजायचं. चीर नसेल तर वाफ कोंडून वांगं फुटतं. तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावरची चव गॅसवर येत नाही, पण कच्चा कांदा आणि हिरवा लसूण सढळ हाताने घातला तर बरीच भरपाई होते.

हरभऱ्याची भाजी एकदाच, हलक्या हाताने धुवावी. पानांवरची आंब पाण्याबरोबर जाते आणि आंबटपणा तिच्यातच असतो. घोळाना, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर करायची तर चिरलेला कांदा, तिखट आणि कच्चं तेल आधी, मीठ मात्र ताटात वाढताना. नाहीतर पाणी सुटतं.

पॅकिंगला मात्र गुण कापावेच लागतील. सांबार, म्हणजे कोथिंबीर, ओलाच प्लास्टिकमध्ये बांधून येतो आणि दुसऱ्या दिवशी चिकट होतो. आल्याबरोबर जुडी सोडून कापडावर पसरावा. सांबारवडीला तर पंख्याखाली ३-४ तास हवेतच. सारणात ओल राहिली की वडी तेलात उकलते. पारीला २ वाट्या बेसन, अर्धी वाटी कणीक आणि २ चमचे कडकडीत मोहन. आतून चिंचेच्या कोळाचा हात पातळच लावायचा. मंद ते मध्यम आचेवर तळा. आच मोठी असली तर वरून लाल आणि आत बेसन कच्चं.

गाजर-मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करा, तो मुळांतलं पाणी ओढतो. मुळ्याच्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी होते.

फोन करून फुलकोबीऐवजी जास्तीच्या शेंगा मागितल्या तर देतात, शुक्रवारी दुपारपर्यंत सांगावं लागतं. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे तर डिसेंबर-जानेवारीचेच भरा. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं, शेंगा जून होतात आणि बॉक्सचं वजन कोबी-कोहळ्यावर भागवलं जातं.